आधी वजन, मग प्रश्न

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा लांबलचक निरोप मी दोनदा वाचला. नाणेवाल्यांच्या गटावर टाकलेल्या तुझ्या प्रश्नाला कोणी एक अक्षर लिहिलं नाही आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या रुपयावर मात्र रात्री उशिरापर्यंत चर्चा रंगली, हे तुला लागलं. "काकू, इथे ओळखीच्यांनाच उत्तर मिळतं का?" असं विचारलंस. नाणं आजीच्या डब्यातलं, म्हणून जास्तच लागलं असेल.

तुझा प्रश्न मीही पाहिला होता आणि पाहून गप्प बसले. का गप्प बसले ते सांगायलाच हे लिहितेय. तिथे लिहिलं असतं तर चारचौघांत तुला झापल्यासारखं झालं असतं.

तू टाकलं होतंस काय? तळहातावर ठेवलेलं नाणं, ट्यूबलाइटखाली काढलेला एका बाजूचा फोटो, आणि खाली "हे कुठलं आणि आज किंमत किती?" आता मला सांग, तळहात कोणाचा? तुझा की तुझ्या धाकट्या बहिणीचा? त्यावरून नाणं केवढं ते कसं कळणार? होळकरांच्या इंदूरच्या टांकसाळीतून, म्हणजे मल्हारनगरातून, रुपया निघे, त्याची अधेली निघे, पावलीही निघे. तुझ्या फोटोत दिसतो तो चेहरा असलेला सूर्य रुपयावर असतो तसा अधेलीवरही असतो. रुपया ११ ग्रॅमच्या आगेमागे, अधेली त्याच्या निम्मी, पावली आणखी निम्मी. वजन लिहिलं असतंस तर समोरच्याचा पहिला प्रश्न तिथेच मिटला असता. तू लिहिलं नाहीस, त्यामुळे उत्तर देणाऱ्यानं आधी तुलाच तीन प्रश्न विचारायचे, तू रात्री उत्तर द्यायचं, मग त्यानं पुस्तक काढायचं. एवढं कोण करतो? तुझ्याविरुद्ध कट वगैरे काही नाही रे.

म्हणून आधी वजन कर. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे आणि तुला कंटाळा आला तरी थांबणार नाही.

वजन म्हणजे स्वयंपाकघरातल्या काट्यावरचं "अंदाजे ११" नव्हे. दोन दशांश दाखवणारा छोटा काटा आता फार महाग राहिलेला नाही. तो घ्यायचा नसेल तर दुपारी इंदूरच्या सराफ्यात जा, गिऱ्हाईक नसताना. रात्री तिथे खाण्याची गर्दी असते, पेढ्या बंद असतात. कोणत्याही पेढीवर नीट विचारलंस तर वजन करून देतात. ब्रिटिश रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. आपल्या आज्यांच्या वेळी सोनार रुपयालाच तोळा समजून पारड्यात टाकत, कारण त्याच्या वजनावर भरवसा होता. तू मात्र नाणं हातात घेऊन वजन सोडून बाकी सगळं विचारतोस.

वजन झालं की आणखी एक गोष्ट घरीच करता येते, आणि ती केलेली दिसली की जाणती माणसं आपणहून बोलू लागतात. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेव आणि काटा शून्यावर आण. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात सोड. पूर्ण बुडालं पाहिजे, तळाला किंवा काचेला टेकता कामा नये, अंगावर बुडबुडे राहता कामा नयेत. काटा आता जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भाग. समज, नाणं ११.२० ग्रॅमचं आहे आणि पाण्यात सोडल्यावर काटा १.०९ दाखवतो. भागाकार येतो १०.२८, हीच नाण्याची घनता. शुद्ध चांदीचा आकडा साडेदहा आणि तांब्याचा नऊच्या जरा खाली, तेव्हा ही चांगली चांदी, थोडी भेसळ असलेली. तेच नाणं जर्मन सिल्व्हरचं, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या पण चांदी नसलेल्या मिश्रधातूचं असेल तर काटा १.३०च्या घरात जाईल आणि भागाकार पावणेनऊच्याही खाली येईल. दहा मिनिटांचं काम. हे करून "वजन ११.२०, घनता १०.२८, व्यास अमुक" असं लिहिलंस तर पुढची चर्चा कुठून सुरू होईल बघ! "खरं आहे का" हा प्रश्न जवळजवळ गळून पडतो आणि "कुठल्या सालचं" हा उरतो, ज्याचं उत्तर द्यायला माणसांना मजा येते.

सालाचंही सांगते, कारण तुझ्या मनात त्याबद्दल घोळ दिसला. नाण्यावर मुघल बादशहा शाह आलमचं नाव निघालं म्हणून ते लगेच मुघलांचं ठरत नाही. अहिल्याबाईंचा कारभार १७६७ ते १७९५, आणि त्या काळातली नाणीही शाह आलमच्याच नावानं पाडली जात. महेश्वरच्या टांकसाळीच्या नाण्यांवर बेलाचं पान आणि शिवलिंग असतं, मल्हारनगरच्या नाण्यांवर सूर्य. शाह आलम १८०६मध्ये वारला, तरी त्याच्या नावाचे रुपये त्यानंतरही पाडले जात राहिले. म्हणून साल हवं असेल तर हिजरी आकडा किंवा जुलूस वर्ष, म्हणजे बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष ते, दिसायला हवं. इथे अडचण अशी की हातानं पाडलेल्या नाण्यात ठसा चकतीपेक्षा मोठा असे. निम्मा मजकूर बाहेरच पडायचा. कडेला उरलेला आकड्याचा एक तुकडा हाच काय तो पुरावा, आणि तुझ्या फोटोत नेमका तिथेच ट्यूबलाइटचा पांढरा डाग होता. सकाळी खिडकीशी बस, उजेड एका बाजूनं तिरका पडू दे, फ्लॅश बंद ठेव, नाण्याशेजारी मोजपट्टी ठेव, दोन्ही बाजू घे आणि कडही घे. ओतीव नकलेचा सांधा कडेवरच सापडतो. आणि देवाशपथ सांगते, चिंच-मीठ लावू नकोस. काळेपणा गेला की नाण्यावरचा इतिहासही गेला, आणि तू ज्याच्या मागे लागला आहेस ती किंमतही गेली.

किंमत! तिच्यावर कुणी बोलत नाही, याचा तुला राग आला. अरे, किंमत नाण्याच्या अवस्थेवर असते आणि अवस्था हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मी "पाचशे" म्हटलं आणि उद्या तू ते कुणाला पाचशेला विकलंस, परवा तसंच पाच हजाराला गेलेलं ऐकलंस, की जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडशील. शिवाय जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणून आधी "फी" उकळणारे इतके झाले की ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, आमचा असल्या खरेदी-विक्रीशी संबंध नाही. तेव्हापासून "किंमत किती" हे दोन शब्द दिसले की जुनी माणसं उत्तर न देता पुढे सरकतात. माझं तर सरळ मत आहे, पहिल्या प्रश्नात किंमत विचारूच नये. नाणं काय आहे ते आधी कळू दे.

आणखी एका प्रश्नावर सगळे गप्प बसतात, तेही तू पाहिलं असशील. १८१८ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि मागे मारुती किंवा रामदरबार, असं नाणं दर थोड्या दिवसांनी कोणीतरी टाकतं. कंपनीनं असं नाणं कधी पाडलं नाही. सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखी नाणीच मुळी १८३५पासूनची. हे मी पूर्वी समजावून लिहीत असे. लोक दुखावतात. आजोबांनी देवघरात ठेवलेलं, त्याची पूजा झालेली, आणि एक अनोळखी बाई म्हणते हे बनावट! एकदा एका गृहस्थांनी मला धर्मावरून सुनावलं. त्यानंतर मी या प्रश्नाला उत्तर देणं बंद केलं आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. ज्याला ऐकायचंय त्याला मी आजही फोनवर तासभर सांगते.

आणि शेतात नांगरताना मडकं निघालं, असं लिहिणाऱ्याला कोणीच उत्तर देत नाही, यात कसला आलाय माज? १८७८चा कायदा आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. त्यावर चारचौघांत सल्ला द्यायला शहाणा माणूस धजत नाही. तुझं नाणं डब्यातलं, तुला ती काळजी नाही. पण परदेशातल्या कुणी मागितलं तर पाठवू नकोस, शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवायला १९७२च्या कायद्यानं बंदी आहे.

आता तू म्हणशील, काकू वजनावर एवढ्या का अडून बसल्यात. १९८०च्या जानेवारीत जगभर चांदीचा भाव भडकला. मी तेव्हा नोकरीत नवी होते. दुपारच्या सुट्टीत सराफ्यातून जायचे, तर पेढ्यांवर रांगा. बायका कडोसरीतून, पुरुष पिशव्यांतून रुपये काढत होते. होळकरी, शिंदेशाही, कंपनीचे, राणीछाप, सगळे एकाच पारड्यात. वजन होत होतं, पण ढिगाचं. एकेक कुणी केलं नाही. पारडं उलटं करून पोत्यात, पोतं आटणीला. एका पेढीवरच्या म्हाताऱ्या मुनीमजींना मी विनवलं की जरा थांबा, मला एकेक टाकू द्या. ते हसले, पण पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत त्यांनी मला काटा दिला. माझ्याकडे होती ती ऑफिसची छोटी वही. तिच्या मागच्या पानांवर मी वजन आणि सूर्याच्या चेहऱ्याची वेडीवाकडी चित्रं काढली. मग गिऱ्हाईक आलं आणि माझ्यासमोर ते रुपये पोत्यात गेले. विकत घ्यायला माझ्याकडे पैसे नव्हते. ती हळहळ आजही जात नाही. पण त्या वहीतल्या नोंदी आहेत, आणि आज गटावर कुणी मल्हारनगरच्या रुपयाचं वजन लिहिलं की मी ती उघडते. वजन नसेल तर उघडून करू काय? मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. माझा हट्ट तिथून आलाय.

प्रिन्सेपची गोष्ट तुला माहीत आहे, अशोकाचे लेख १८३७च्या सुमारास वाचणारा. तो मूळचा टांकसाळीतला, धातूचा कस पाहणारा अधिकारी. देशभरातून लोक त्याला नाणी आणि त्यांची रेखाटनं पाठवत आणि तो ती नियतकालिकात छापत असे. १८३६मध्ये जर्मनीतल्या बॉनच्या लासेन या पंडितानं अगाथोक्लिस या ग्रीक राजाच्या नाण्यावरचं ब्राह्मी नाव वाचलं, कारण दुसऱ्या बाजूला तेच नाव ग्रीकमध्ये होतं. ही सगळी प्रश्न विचारणारी आणि उत्तरं देणारी माणसंच होती. पत्र पोचायला महिने लागत. तिथे अर्धवट लिहून भागलं असतं का? तुझ्याकडे फोन आहे म्हणून तुला अर्धवट लिहायची मुभा मिळाली, असं मी मानत नाही.

एवढं सगळं करूनही कधीकधी उत्तर येणार नाही, हेही ऐकून ठेव. माझ्याकडे एक तांब्याचा पैसा आहे. वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो, सगळं देऊन मी विचारलं, इंदुरात विचारलं, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे तिथे जाणाऱ्या माणसाबरोबर फोटो पाठवले. त्यावरची खूण कुणाला लागली नाही. तिथलं गप्प बसणं वेगळं असतं. लोक फोन करून "अजून काही कळलं का हो?" असं मलाच विचारतात. तो प्रश्न त्यांच्याही डोक्यात बसलाय. तुझ्या फोटोनं कुणाच्याच डोक्यात काही बसवलं नाही, एवढाच फरक.

तेव्हा रुसून गट सोडू नकोस. जुना प्रश्न काढून टाक आणि नवा लिही. "किंमत" हा शब्द नको, "प्लीज लवकर" नको, सगळ्यांना हात जोडल्याची चित्रं नकोत. आजीकडे नाणं कुठून आलं ते मात्र लिही. तिचं माहेर महेश्वरकडचं आहे असं तू एकदा म्हणाला होतास, आणि ते मला सूर्यापेक्षा महत्त्वाचं वाटतंय. ती अजून बोलती आहे तोवर तिला विचार, डबा कुणाचा होता, त्यात आणखी काय होतं. मोजमापात शंका आली तर रविवारी सकाळी रामबागेत माझ्याकडे ये, काटा आणि पेला माझ्याकडे आहे, दोरा तू आण. नाणं धुऊन आणू नकोस.

तुझी,
काकू