मुंबईचा फोर्ट पायी बघायचा तर गाईड घ्यावा का?

प्रश्न : आम्ही धरणगावचे. डिसेंबरात आईबाबांना घेऊन दोन दिवस मुंबईला चाललोय. बाबांची सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये गेली, आता गुडघे दुखतात. फोर्ट भागात गाईड पायी फिरवून सगळं दाखवतात म्हणे, हेरिटेज वॉक. पैसे घालावेत का मोबाईलवर मॅप लावून आपणच फिरावं?

उत्तर : घाला भाऊ, आणि बाबांना तर न्याच. मॅप रस्ता दाखवतो, पण हॉर्निमन सर्कलच्या बागेजवळ तो काही सांगत नाही की इथे आधी मोकळं मैदान होतं आणि कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागायच्या, 1844 मध्ये तो बाजार कुलाब्याला हलवला. मग 1861 ते 65 अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्याकडचा लागला आणि मुंबईत पैसा नुसता धो धो आला. प्रेमचंद रायचंद त्याच कापसाच्या व्यापारातले, त्यांच्या देणगीतून विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा, राजाबाई टॉवर, झाला, आईचं नाव दिलं, बांधून पूर्ण 1878 ला. युद्ध थांबलं तसा भाव पडला आणि तेही बुडाले. भाव पडणं म्हणजे काय हे खानदेशात कोणाला समजवायला लागत नाही, म्हणून मला वाटतं हे शहर आपल्या माणसाला जास्त कळेल.

गाईड मात्र मराठीत बोलणारा आहे ना ते आधी विचारा, बरेच वॉक इंग्रजीत असतात आणि आईबाबा नुसते मागे मागे चालत राहतात, ते नको. ग्रुपसोबत पण नको, ग्रुप थांबत नाही. घरच्यांपुरता वेगळा गाईड मिळतो, थोडे जास्त पैसे जातील, पण गुडघ्यांचं सांगून ठेवलं तर तो बसत बसत नेतो. रविवारी सकाळी लवकर निघा, ऑफिसं बंद, रस्ते मोकळे. सीएसएमटी स्टेशनपासूनच सुरुवात करा, ती इमारत 1888 ला पूर्ण झाली, युनेस्कोच्या यादीत आहे, बाहेरून घुमट नक्की बघा. फ्लोरा फाउंटनला कारंजं बघून लगेच पुढे सरकू नका, शेजारीच हुतात्मा स्मारक आहे, संयुक्त महाराष्ट्राचं, तिथे दोन मिनिटं थांबायला गाईडला सांगा.

आणि कापसाच्या मैदानाची गोष्ट निघाली की बाबांना बोलू द्या, गाठ कशी बांधतात ते त्यांनाच विचारा, गाईडलाही ऐकू द्या.