मुलगी फिल्टरशिवाय फोटो काढू देत नाही, गोरं व्हायची क्रीम मागते. तिला कसं समजवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, रंगानं सावळी आहे, दिवसभर रील्स बघते, फिल्टर लावल्याशिवाय कुणाला फोटो काढू देत नाही आणि आता मैत्रिणीनं सांगितलेली क्रीम आणून द्या म्हणून मागे लागली आहे. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. पण त्या वयात मी तुमच्या मुलीसारखीच होते, म्हणून लिहिते.

आधी क्रीमचं, बाकीचं सावकाश झालं तरी चालेल. आठ दिवसांत फरक दाखवणाऱ्या क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असलं काही छापलेलं दिसलं तर ते औषध आहे, तोंडाला रोज चोळायची वस्तू नव्हे. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ आणि लाल होते, पुटकुळ्या येतात, लव वाढते. लावायचं बंद केलं की आग होते, म्हणून पोरी परत तेच लावतात. २०१८ साली सरकारनं अशी १४ स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, पण चिठ्ठी मागतो कोण? बिनलेबलाच्या डबीत तर पाराही असू शकतो. २०२३ साली अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना असल्या क्रीमनं इजा झाल्याची बातमी आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा कारण कळलं. ही बातमी मुलीला वाचून दाखवा. घाबरवायला म्हणून नाही, तिला कळण्याइतकी ती मोठी आहे.

आता माझं. मी नववीत गेले ते १९९४ साल. मे महिन्यात सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स झाली, नोव्हेंबरात ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड. आमच्या तालुक्याच्या गावातही मुली आरशासमोर उभ्या राहून हात हलवायला लागल्या. मी एका क्रीमचं खोकं आरशाला टेकवून ठेवायचे. त्यावर एकाच बाईचे चेहरे ओळीनं छापलेले, काळ्यापासून गोऱ्यापर्यंत. आपण कितव्या चेहऱ्यापर्यंत आलो ते रोज बघायचं. सहा महिने मी तिसऱ्यावरच होते! गॅदरिंगला कोळी नाच होता. बाईंनी मला मागच्या रांगेत घातलं आणि वर पावडरही थापली. फोटोत तोंड पांढरं आणि मान काळी आली. तो फोटो मी फाडला. आई समजूत घालायची, "अगं, विठ्ठल सावळा, कृष्ण सावळा." मी म्हणायचे, "त्यांना कुणी बघायला येत नाही."

म्हणून सांगते, देवाचे दाखले देऊ नका. "तू सुंदरच आहेस" हेही फार घोकू नका. आई-बाप तसंच म्हणणार हे पोरांना ठाऊक असतं.

सगळं खापर फोनवर फोडता येईल का, याचा मी बराच विचार केला आहे. पॅसिफिक महासागरात फिजी नावाचा बेटांचा देश आहे, तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला १९९५ साली. तोवर तिथे अंगानं भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची, माणसांनी नीट सांभाळलेली. कुणी वाळली तर लोक काळजीत पडायचे. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी टीव्ही नुकताच आला तेव्हा आणि पुन्हा तीन वर्षांनी शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्यापिण्यात बिघाडाची लक्षणं दिसणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन उतरवायला मुद्दाम ओकारी काढणारी १९९५ साली एकही नव्हती, १९९८ साली ११.३ टक्के होत्या.

तिथे हे बी टीव्हीबरोबर आलं. आपल्याकडे जमीन आधीच नांगरून ठेवलेली होती. गरोदर बाईला केशराचं दूध कशाला पाजतात? 'गोरी, सडपातळ वधू पाहिजे' हे छापायला इन्स्टाग्राम लागलं नव्हतं. फेअर अँड लव्हलीनं २०२० साली नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. आपल्या घरातल्या बोलण्यातून काय निघालं?

आमच्या घरात तो शब्द 'तरी' होता. "काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे." बोलणारी मावशी कौतुकच करत असायची, आणि मला फक्त 'तरी' ऐकू यायचा. तुमच्या घरात आठवडाभर कान देऊन बघा. उन्हात खेळू नकोस काळी पडशील, अबोली रंग तुला उठून दिसत नाही, धाकटी आजीवर गेली आणि ही आत्यावर. यातलं मुलीसमोर कोण काय बोलतं ते बघा, आणि बोलणाऱ्याला तिच्यादेखतच थांबवा. नंतर स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगून उपयोग नाही. मला एकदा तरी कुणी तसं वाचवायला हवं होतं.

फोन काढून घेऊ नका. ती मैत्रिणीच्या फोनवर बघेल. गोरेपणाचे, बारीक होण्याचे व्हिडिओ आले की 'नॉट इंटरेस्टेड' दाबायचं, हे दोघींनी मिळून करा, थोडा तरी फरक पडतो. मात्र जेवण टाळणं, शाळेत जायचं नाही म्हणणं, सतत आरशासमोर रडणं असं काही दिसलं तर वाट बघू नका, सरळ समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

माझ्या भाचीला फिल्टरचं समजावणं मला जमलं नव्हतं, ते माझ्या आईनं केलं. गेल्या दिवाळीत भाचीनं आजीबरोबर सेल्फी काढला. फोनच्या कॅमेऱ्यात ब्युटी मोड चालूच होता. आई पंचाहत्तरीची, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. फोटो बघून ती म्हणाली, "ही कोण? माझं गोंदण कुठं गेलं?" सुरकुत्यांबरोबर तेही पुसलं गेलं होतं, नाक बारीक झालं होतं. भाची हसली, मग तिनं तो मोड शून्यावर नेऊन दुसरा काढला. आई म्हणाली, "हां, ही मी." त्या फोटोत शेजारी भाचीही होती, नाकावरच्या मुरुमासकट. तिनं बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला. स्टेटसला ठेवला नाही, पण डिलीटही केला नाही. संध्याकाळी मला पाठवला.