सासूबाई हाडांची गोळी घेतात, दाढ काढायच्या आधी ती किती दिवस बंद ठेवायची?

दिवस मोजत बसू नका. ॲलेंड्रोनेट असेल तर ते हाडात जाऊन बसतं, वर्षानुवर्षं, दोन आठवडे गोळी चुकवून ते काही बाहेर येत नाही. दातांच्या डॉक्टरला आधी सांगा, आणि बंद-चालू काय ते गोळी देणाऱ्यालाच ठरवू द्या.

आमच्या आईचं सांगते. वय ७१, आठवड्याची ७० एमजीची गोळी ६ वर्षं चालू, दर रविवारी उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही म्हणून तेवढ्यात ती पूजा उरकायची. खालची दाढ हलायला लागली, दादा घेऊन गेला, आणि तिथल्या फॉर्मवर चालू औषधांत लिहून आला बीपी नि थायरॉइड. रविवारची गोळी रोजच्या डबीत नसते ना, देवघरात असते, त्याला काय माहीत! दाढ निघाली. महिना झाला तरी खड्डा तसाच, आईची जीभ सारखी तिथे, म्हणे काहीतरी टोचतंय, टॉर्च लावून बघितलं तर पिवळट हाड उघडं. दोन महिने उलटले तरी झाकलं नाही तेव्हा तोंडाच्या सर्जननी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढून नाव सांगितलं, एमआरओएनजे, म्हणजे औषधामुळे जबड्याचं हाड मरणं. ही गोळी जुनं हाड खाणाऱ्या पेशींना थोपवते म्हणून खुबा-मणका वाचतो, पण दाढेचा खड्डा भरायला त्याच पेशी लागतात. अँटिबायोटिक झाली, क्लोरहेक्सिडिनच्या चुळा झाल्या, पाचव्या महिन्यात मेलेला तुकडा सुटा झाला तो काढला, मग कुठे हिरडी मिटली.

तेव्हापासून दादाचं एकच, गोळीनं जबडा सडवला. परस्पर बंदच करून टाकली. पुढच्याच वर्षी आई बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं. गोळी बंद केल्यानंच मोडलं असं मी म्हणत नाही, पण दादा, ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे ठिसूळ हाडांसाठीच्या, डोसवर हा जबड्याचा प्रकार १० हजारांत २ ते ५ जणांना होतो, दाढ काढल्यावर थोडा जास्त, आणि खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या बायका आपल्या गल्लीतच तीन आहेत.

हां, सासूबाईंना कॅन्सरसाठी महिन्याला झोलेड्रोनिकचं (याच जातीचं औषध) सलाइन लागत असेल तर धोका बराच जास्त, वरचा आकडा विसरा. आणि हाडांसाठीच दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन असेल तर ते तर अजिबात मनानं लांबवू नका, मणके मोडतात. फॉर्म मात्र स्वतः भरा, वर्षातून एकदा लागणारं हाडांचं सलाइनसुद्धा लिहा, ते कोणी औषधात धरतच नाही.