आजींचा धीर

प्रश्न इंदूरचाच आहे. एका वाचकाच्या आजी गेल्या महिन्यात प्रभूमध्ये निजल्या. ऐन तिशीत वैधव्य आलं, चार मुलं वाढवली, आणि अंथरुणाला खिळेपर्यंत रविवारची उपासना चुकवली नाही. स्मरणसभेच्या पत्रिकेत नातवाने लिहिलं, "आजींचे धैर्य व जिद्द आम्हांला प्रेरणा देत राहील." नगरच्या काकांनी 'धैर्य' खोडून 'चिकाटी' केलं. बरोबर कोण?

दोघेही नाहीत. तिथे 'धीर' हवा. (आणि दोन गोष्टी असतील तर 'राहतील'.)

आधी 'धैर्या'चं बोलतो, कारण ते रोज कानावर येतं आणि रोज टोचतं. हिंदीत 'धैर्य रखिए' म्हणजे जरा थांबा, दम धरा. मराठीत धैर्य म्हणजे धाडस. इंदुरात राहून आपण हिंदीचं धैर्य उचलून मराठीत बसवतो. परवा रामबागेतल्या एका कार्यक्रमात जेवणाच्या रांगेला उद्देशून निवेदक म्हणाला, "कृपया धैर्य ठेवा." रांगेत धीर लागतो हो, धैर्य लढाईत लागतं!

जिद्दीचं उलट. हिंदीत ज़िद म्हणजे हट्ट, मराठीत तोच शब्द कौतुकाचा झाला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ विरुद्ध, उलट बाजूचा. म्हणून जिद्दीला समोर कोणीतरी लागतो, ज्याला हरवायचं आहे असा. आजींना कोणाला हरवायचं होतं? चिकाटी चिकटपणातून आली. राबणारा, प्रामाणिक शब्द आहे, परीक्षेला आणि धंद्याला शोभतो. काकांवर माझा राग नाही.

आता धीर. आपलं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, त्यातल्या रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात म्हणतं, "संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा". मूळ ग्रीक शब्द हुपोमोने. हुपो म्हणजे खाली, मेनो म्हणजे राहणं. डोक्यावर ओझं आहे आणि माणूस त्याच्या खालून निसटत नाही, असा त्याचा आकार. हिंदी शास्त्रात त्याच जागी 'धीरज' आहे. शब्द जवळचा, पण निम्माच. धीरजात वाट पाहणं आहे. मराठी धीरात वाट पाहणंही आहे आणि छातीही आहे. "विचारायचा धीर झाला नाही" या वाक्यात धीरज बसवून पाहा, बसत नाही.

संस्कृत कोश धीर दोन ठिकाणी लावतात: एक 'धी'वरून आलेला, शहाणा, दुसरा स्थिर, त्याचा संबंध 'धृ' या धातूशी, म्हणजे धरण्याशी जोडतात. मला ही वाटणी कधीच पटली नाही. कठोपनिषदात श्रेय (हिताचं) आणि प्रेय (सुखाचं) यांतून निवड करणारा धीर, गीतेत "धीरस्तत्र न मुह्यति" म्हणताना देह बदलला तरी न गोंधळणारा धीर. त्याला कळलं म्हणून तो स्थिर राहिला, की स्थिर होता म्हणून त्याला कळलं? वेगळं करून दाखवा! एका निवृत्त प्राध्यापकांनी माझं हे म्हणणं 'भाबडी व्युत्पत्ती' म्हणून झटकलं. त्यांनी कोश पाहिले, मराठीची क्रियापदं पाहिली नाहीत. आपण धीर 'धरतो', आणि धरणं 'धृ'चंच. धातूच धातूला हात देतो आहे, आणि हे अडाणी म्हातारीही रोज बोलते.

पंडिता रमाबाईंचंच घ्या. शास्त्र मूळ भाषांतून मराठीत आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1921 साली एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, आणि 1922च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. याला जिद्द म्हणणारे म्हणोत. मला तिथे ओझ्याखाली उभी राहिलेली बाई दिसते.

आणि धीराचं दुसरं क्रियापद तर मला सगळ्यांत प्रिय आहे: धीर देणं. जिद्द कोणी कोणाला देत नाही, चिकाटीही ज्याची त्याच्यापाशी राहते. धीर मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जातो. माझे आजोबा मिलमध्ये होते. मिल बंद पडली त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं शास्त्र उघडलं, ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. "संकटाने धीर" इथे बोट थांबलं. घरात कोणी बोलेना. आजीने ताटं गोळा करता करता म्हटलं, "वाचा पुढे." आजोबांनी पुढे वाचलं. कोणी कोणाला धीर दिला ते मला तेव्हा कळलं नाही, पण त्या बोटाखालचा शब्द लक्षात राहिला.

बायबलमध्येच प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, दुसऱ्या पत्रात लिहितो की, तुझ्यातला विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि तुझी आई युनीके यांच्या ठायी होता. ग्रीक नव्या करारात 'आजी' हा शब्द एवढ्या एकाच जागी येतो, आणि येतो तो विश्वास कोणाकडून कोणाकडे आला हे सांगताना.

पत्रिका अजून छापायला गेली नसेल तर ते वाक्यच काढा, 'प्रेरणा'सकट. "आजींनी धीर धरला आणि आम्हांला धीर दिला" एवढं लिहा. काकांना मी समजावतो.