रोजच्या स्वयंपाकासाठी तुमचं आवडतं पाककृतींचं पुस्तक कोणतं?

प्रश्न वाचला आणि ताईचं वाक्य आठवलं. "पुस्तक बघून कुणी स्वयंपाक करतं का?"

बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी ४१ वर्षांचा होतो. तीन महिने स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. चकचकीत फोटोंचं एक जाडजूड पुस्तक आणलं. पहिल्याच पाककृतीत लिहिलं होतं, 'कांदा सोनेरी होईपर्यंत परता, ५ मिनिटे.' मी घड्याळ लावलं. पाचव्या मिनिटाला कांदा नुसता मऊ पडलेला, कडेला पाणी सुटलेलं, रंगाचा पत्ता नाही. पुस्तक सांगतंय म्हणून पुढचं सगळं घातलं. रस्सा कच्चट आणि उग्र झाला. असे तीन आठवडे गेले. बायको निमूट खायची, तेच जास्त लागायचं. मग ताई बघायला आली, तिनं एक घास घेऊन ताट सारलं आणि वरचं वाक्य म्हणाली. बायकोसमोर.

चूक माझी नव्हती, छापलेल्या आकड्याची होती. कांद्यात ८९ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते उडत नाही तोवर कांदा १०० अंशांच्या फारसा वर तापत नाही, आणि रंग भराभर चढायला १४० च्या जवळपास जावं लागतं. सोनेरी कांद्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. गडद, गोडसर हवा असेल तर पाऊण तास धरा.

हे 'का' समजलं ते हॅरल्ड मॅकगींच्या 'ऑन फूड अँड कुकिंग'मुळे (१९८४). ते पाककृतींचं पुस्तक नाही, स्वयंपाकामागचं विज्ञान सांगणारं आहे, तरी माझं आवडतं तेच. दुसरं सामिन नोसरत यांचं 'सॉल्ट, फॅट, ॲसिड, हीट' (२०१७). त्यात पाककृती मागच्या अर्ध्या भागात येतात, आधी मीठ, स्निग्धांश, आंबटपणा आणि आच समजावलेली आहे. रोजच्या स्वयंपाकाला ही दोन पुरतात. फोटोंची पुस्तकं भेट द्यायला ठीक.

ताईचं म्हणणं, स्वयंपाक अंदाजानं करायचा असतो. तिला तीस वर्षांचा हात आहे, तिला अंदाज शोभतो. पण तिला मीठ किती विचारलं की ती चिमूट दाखवते, आणि माझी बोटं तिच्या दुप्पट जाड आहेत. शिकणाऱ्याला माप लागतंच. अमेरिकेतल्या फॅनी फार्मरबाईंनी १८९६ सालीच आपल्या पाककृतींच्या पुस्तकात चमच्यातला जिन्नस काठाशी सपाट करून मोजायचा आग्रह धरला होता. त्यात कमीपणा कसला? मी तर त्याहून पुढे जाऊन वजनकाटाच घ्या म्हणेन. एक कप मैदा हलक्या हातानं भरला तर १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५० सुद्धा होतो. बारीक मीठ चमचाभर ६ ग्रॅम, जाड खड्याचं त्याच्या निम्मंही भरू शकतं.

एक सांगायचं राहिलं. मी मिनिटांवर चिडलोय ते गॅसवरच्या परतण्यापुरतं. केक-पावाला वेळ आणि वजन दोन्ही पाळा. मांस-मासे मी करत नाही, त्याबद्दल माझं ऐकू नका.

नवं पुस्तक घेणार असाल तर आधी दुकानातच कांदा परतायचं पान उघडा. सोनेरीसाठी पाचच मिनिटं लिहिली असतील तर जागेवर ठेवून द्या. माझं ते पहिलं पुस्तक अजून घरात आहे. त्या ५ वर पेन्सिलनं काट मारून मी शेजारी २० लिहिलंय, आणि ते पान ताईला दाखवलंय.