तोंडातून निघून गेलेल्या शब्दाचा धनी कोण?

प्रश्न : वडील ऐंशी पार आहेत. एकच गोष्ट दहा वेळा विचारतात. कधी कधी वाटतं, मुद्दामच विचारतात. रोज रात्री ठरवतो, उद्या आवाज चढवायचा नाही. सकाळी तिसऱ्याच प्रश्नाला ओरडतो आणि ओरडलो हे ओरडून झाल्यावर कळतं. मध्यंतरी वाचलं, की आपण ठरवण्याआधीच मेंदूने ठरवलेलं असतं, हे म्हणे प्रयोगाने सिद्ध झालंय. मग मी स्वतःला दोष का देत बसू? आणि सगळं अंतर्मनच चालवत असेल, तर झोपेत ऐकायच्या सूचनांच्या ध्वनिफितींनी ते बदलेल का?

उत्तर : आधी तो प्रयोग, कारण त्याच्या नावावर बरंच काही खपवलं जातं. मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी तो १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. शिकत असताना अशाच एका प्रयोगात मी बसले होते. डोक्यावर इलेक्ट्रोड, केसांत चिकट जेल (दोनदा धुऊनही निघालं नाही) आणि समोर तबकडीवर गरगर फिरणारा ठिपका. लिबेटच्या तबकडीवर तो २.५६ सेकंदांत एक फेरी मारायचा. सूचना एवढीच, की मनात येईल तेव्हा मनगट हलवा, आधी ठरवू नका आणि हलवावंसं वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगा. मी वाटण्याची वाट पाहत बसले! दहा-बारा खेपांनंतर खरंच ‘वाटलं’, की नुसता कंटाळा आला म्हणून मनगट हललं, हे मला सांगता येईना. ठिपक्याची जागा तर निम्म्या वेळा मी अंदाजाने ठोकून दिली.

लिबेटना दिसलं ते असं : मनगट हलण्याआधी साधारण ५५० मिलिसेकंद मेंदूत विजेचा एक चढ सुरू होतो आणि इच्छा झाल्याचं माणूस सांगतो ती वेळ असते हालचालीआधी जेमतेम २०० मिलिसेकंद. मेंदू पुढे, आपण मागे. ऐकायला भयंकर वाटतं खरं, पण हा चढ एका हालचालीत दिसत नाही. चाळीसेक हालचालींची सरासरी काढावी लागते. २०१२ मध्ये ॲरन शर्गर आणि सहकाऱ्यांनी त्याचा वेगळा अर्थ लावला. मेंदूतली ही पातळी तशीही सतत वरखाली होत असते. हात हलवायला काहीच कारण नसलं, की एखादी लाट जरा उंच जाते, उंबरठा ओलांडते आणि हात हलतो. मग हालचालीच्या क्षणापासून मागे जात सरासरी काढली, तर चढच दिसणार. २०१९ मध्ये आणखी एका गटाने लोकांना खरोखरची देणगी कोणत्या संस्थेला द्यायची हे निवडायला लावलं, तर विचार करून घेतलेल्या त्या निर्णयांआधी हा चढ जवळपास सापडलाच नाही. तेव्हा बिनकारण हलवलेल्या मनगटावरून तुमच्या ओरडण्याचा निवाडा होत नाही. तुमच्या ओरडण्याला कारण आहे आणि ते रोज तेच आहे.

मात्र ते कारण तुम्ही सांगता तेच असेल, याची खात्री मी देणार नाही. अंतर्मनाबद्दल मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे. मायकेल गझानिगा यांनी मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा कापलेल्या रुग्णांवर काम केलं. एका रुग्णाच्या उजव्या मेंदूला बर्फाचं चित्र दाखवलं, डाव्याला कोंबडीचा पाय. डाव्या हाताने (तो उजव्या मेंदूच्या ताब्यात असतो) त्याने फावड्याचं चित्र निवडलं. का, असं विचारल्यावर बोलणारा डावा मेंदू, ज्याने बर्फ पाहिलाच नव्हता, बेधडक म्हणाला : कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं ना! त्याला वाटत होतं, आपण खरंच सांगतोय. ‘वडील मुद्दाम विचारतात’ हे तुमचं खुराडं असू शकतं. ओरडून झालं, कारण हवं होतं, हाताशी आलं ते लावलं. (या वयात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर डॉक्टरांकडून स्मरणशक्ती आणि कान दोन्ही तपासून घ्या. दहावा प्रश्न त्यांच्या लेखी पहिलाच असेल.)

आता दोषाचं. आमच्या घरात एका खोलीचं बटण दाराच्या दुसऱ्या बाजूला नेलं. तीन आठवडे माझा हात जुन्या, लिंपून टाकलेल्या भिंतीवर चाचपडत होता. रोज निश्चय करत होते, काडीचा उपयोग झाला नाही. शेवटी त्या भिंतीला कपाट लावलं. हाताला लाकूड लागायचं आणि मी जागी व्हायचे. ते अर्धं सेकंद माझ्या ताब्यात नव्हतं. कपाट कुठे ठेवायचं हे होतं. तुमची जबाबदारीही मला तिथेच दिसते, ओरडण्याच्या क्षणी कमी आणि आदल्या रात्री जास्त. ‘आवाज चढवायचा नाही’ हा निश्चय फार मोघम आहे. पीटर गॉलविट्झर यांनी ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा ठरावांचा बराच अभ्यास केला. नुसत्या निश्चयापेक्षा ते जास्त पाळले जातात. तुमच्यासाठी : दुसऱ्यांदा प्रश्न आला, की उठून वडिलांच्या शेजारी जाऊन बसेन आणि मगच उत्तर देईन. तिसऱ्याची वाट पाहू नका. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं ठळक अक्षरांत लिहून त्यांच्यासमोर लावा.

ध्वनिफितींची परीक्षा १९९१ मध्येच झाली. अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी ऐकू न येणाऱ्या सूचनांच्या फिती लोकांना दिल्या. काही स्मरणशक्तीच्या, काही आत्मसन्मानाच्या. निम्म्यांच्या फितींवरची लेबलं मात्र गुपचूप बदलली. महिनाभराने मोजलं, तर फितीत जे होतं त्याचा परिणाम शून्य; पण बऱ्याच जणांना सुधारणा जाणवत होती, आणि तीही लेबलावर जे लिहिलं होतं त्यात! तुमच्या फितीवर काय लिहिलंय, ते तुम्ही कळवलं नाहीत.