ऑस्ट्रेलियातल्या 'मम शर्ल' कोण होत्या? त्यांनी आदिवासींसाठी नेमकं काय केलं?

मम शर्ल म्हणजे शर्ली स्मिथ (१९२१–१९९८), सिडनीच्या रेडफर्न भागात कैदी, बेघर माणसं आणि निराधार मुलं यांच्यासाठी आयुष्य वेचलेल्या, विराजुरी या आदिवासी समाजाच्या ज्येष्ठ कार्यकर्त्या. जन्म काउरा गावाजवळच्या एरॅम्बी मिशनवरचा, म्हणजे आदिवासींसाठीच्या वसाहतीतला. फेफऱ्यामुळे शाळा झालीच नाही. भाऊ तुरुंगात गेला तेव्हा त्याला भेटायला जाता जाता त्या इतर आदिवासी कैद्यांनाही भेटू लागल्या. 'याच्या तुम्ही कोण?' असं अधिकाऱ्यांनी विचारलं की सांगायच्या, 'मी याची आई.' त्यावरूनच 'मम' म्हणजे आई, हे नाव पडलं. साठहून जास्त मुलं त्यांनी वाढवली, असं त्यांच्या चरित्रपर नोंदींत आढळतं. रेडफर्नमध्ये १९७० साली आदिवासींसाठी मोफत कायदेशीर मदत केंद्र आणि १९७१ साली दवाखाना सुरू झाला, त्या दोन्हींच्या संस्थापकांत त्या होत्या. मात्र याचं श्रेय एकट्या त्यांना देऊ नये. तरुण आदिवासी कार्यकर्ते, वकील, डॉक्टर असे कितीतरी जण सोबत होते. मला स्वतःला त्यांचं तुरुंगातलं काम सगळ्यांत मोठं वाटतं, कारण ज्यांना भेटायला कुणीच येत नव्हतं, त्यांच्याकडे त्या न चुकता जायच्या.